ठळक काय, बारीक काय : कोलंबियाची एक स्लाइड

१/
शुक्रवार, २४ जानेवारी २००३. ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्रात सकाळच्या बैठकीला इतके अभियंते जमले होते की अनेकांना खोलीबाहेर उभे राहून ऐकावे लागले. पडद्यावर एकामागून एक स्लाइड सरकत होत्या. त्यांपैकी एका स्लाइडच्या तळाशी, बारीक अक्षरांत, सात माणसांच्या जिवाशी थेट संबंध असलेली एक ओळ होती. वरचे मोठ्या अक्षरांतले शीर्षक मात्र धीर देणारे होते.

२/
आठ दिवसांनी, १ फेब्रुवारीला, परतीच्या वाटेवर असलेले कोलंबिया यान टेक्सासच्या आकाशात विखुरले. उतरायला केवळ सोळा मिनिटे उरली होती. अपघाताच्या चौकशीत इंधनटाकी, फोम, पंख यांची तपासणी झाली. त्याबरोबर एका स्लाइडवरील अक्षरांचा आकार आणि ओळींचा क्रम यांचीही झाली. अक्षर ठळक करणे, ओळ आत सरकवणे या गोष्टींना 'सजावट' समजणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण एकदा तरी बारकाईने पाहावे.

३/
आधी घटनाक्रम. १६ जानेवारीला एसटीएस-१०७ ही मोहीम निघाली. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य इंधनटाकीवरील उष्णतारोधक फोमचा एक तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. तुकड्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास, आदळण्याचा वेग ताशी ८०० किलोमीटरच्या घरात. दुसऱ्या दिवशी चित्रफिती तपासताना हा आघात लक्षात आला. यानात रिक हजबंड, विल्यम मॅक्कूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, लॉरेल क्लार्क, इलान रामोन आणि कर्नालची कल्पना चावला असे सात जण होते.

४/
फोम म्हणजे हाताने चुरगाळता येईल असा पदार्थ. त्याने पंखाला काय होणार, असे वाटणे स्वाभाविक होते. पण पाऊण किलोची कोणतीही वस्तू त्या वेगाने आली की तिचा मऊपणा फारसा उपयोगी पडत नाही. किती इजा झाली असेल याचा अंदाज घेण्यासाठी नासा, बोइंग आणि युनायटेड स्पेस अलायन्स यांच्या अभियंत्यांचे एक पथक बसले. त्यांच्या हाती 'क्रेटर' नावाचे एक गणिती प्रारूप होते. यानाच्या टाइलवर एखादा तुकडा आदळला तर तो किती खोल जाईल, हे ते सांगत असे.

५/
क्रेटरने सांगितलेली खोली टाइलच्या जाडीपेक्षाही अधिक निघाली. म्हणजे टाइल पार होईल. परंतु पूर्वीच्या छोट्या चाचण्यांमध्ये हे प्रारूप प्रत्यक्षापेक्षा जास्त इजा दाखवत आले होते. तेव्हा याही वेळी ते जास्तच दाखवत असेल, असा तर्क करण्यात आला. पडद्यावरच्या त्या स्लाइडचे शीर्षक याच तर्कावर बेतलेले होते. त्याचा आशय असा : चाचण्यांच्या माहितीवरून टाइल भेदली जाण्याविषयीचा अंदाज सुरक्षिततेच्या बाजूने झुकलेला दिसतो.

६/
आता त्या शीर्षकाखाली उतरू. पहिल्या मोठ्या ठिपक्यापाशी कोणती जुनी माहिती तपासली याचा उल्लेख. त्यात एसटीएस-८७ या उड्डाणानंतरच्या चाचण्यांचे नाव येते. हे उड्डाण १९९७ चे, यानही कोलंबियाच, आणि कल्पना चावलाची ती पहिली अंतराळवारी. त्या वेळीही फोमचे तुकडे सुटून टाइलवर नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक आघात झाले होते. एका बारीक उल्लेखात केवढा इतिहास दडलेला असतो पाहा.

७/
मोठ्या ठिपक्याखाली आडवी रेघ, तिच्याखाली आणखी आत सरकलेली चौकट, तिच्याही आत लहान ठिपका, कुठे कंसातले शब्द. दर पायरीला अक्षर लहान होत जाते. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या एका स्लाइडवर शीर्षकासह सहा पायऱ्या मोजल्या. अकरा-बारा ओळींच्या मजकुराला सहा पायऱ्या! एखाद्या वाड्याला खोल्यांपेक्षा जिने जास्त असावेत, तसा हा प्रकार.

८/
खाली उतरत गेले की सूर बदलतो. पुरेसे वजन आणि वेग असेल तर टाइल भेदली जाऊ शकते, असे एक ओळ सांगते. एकदा का ती भेदली की मोठी इजा संभवते, असे दुसरी. आणि अगदी तळाशी येते ती ओळ : प्रत्यक्ष उड्डाणातील परिस्थिती चाचण्यांच्या मर्यादेच्या फार बाहेर आहे. चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा, टाकीवरून सुटलेल्या भागाचे आकारमान १,९२० घनइंच.

९/
६४० पट. घरातल्या मापात सांगायचे तर ३ घनइंच म्हणजे अर्धा कप चहा आणि १,९२० घनइंच म्हणजे आंघोळीच्या दोन बादल्या भरून. अर्धा कप पाणी अंगावर उडाल्याने काय होते हे पाहून दोन बादल्यांविषयी अनुमान काढायचे, एवढा हा फरक होता. या एका आकड्यापुढे शीर्षकातला दिलासा टिकत नाही. वाचकापर्यंत मात्र शीर्षक पोहोचले. आकडा तळाशी राहिला.

१०/
शब्दांचीही एक गंमत आहे, अर्थात कडवट. 'लक्षणीय' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या स्लाइडवर पाच वेळा येतो. एकदा त्याचा अर्थ 'भरपूर ऊर्जा', एकदा 'मोठी इजा', एकदा 'चाचण्यांच्या कितीतरी बाहेर'. ६४० पटीचा फरकही 'लक्षणीय' आणि प्रारूपाने थोडी जास्त खोली दाखवली तेही 'लक्षणीय'. घनइंचाचे लघुरूपसुद्धा कुठे टिंब देऊन, कुठे टिंबाविना, कुठे आकड्याला चिकटवून लिहिलेले. कोणी शेवटची नजर फिरवली नव्हती, हे यावरून कळते.

११/
पुढे काय झाले? ही स्लाइड ज्यांनी पाहिली त्यांनी तिचा सारांश त्याच सकाळी मोहिमेच्या व्यवस्थापन मंडळापुढे तोंडी मांडला. सहा पायऱ्यांची उतरंड आणखी आटली आणि 'उड्डाणाच्या सुरक्षिततेला धोका नाही' एवढाच निष्कर्ष उरला. आदल्याच दिवशी, २३ जानेवारीला, यानातील कमांडर आणि पायलट यांना ईमेलने आघाताची माहिती देऊन काळजीचे कारण नाही असे कळवण्यात आले होते. पत्रकारांनी अचानक विचारले तर ठाऊक असावे, एवढाच त्या पत्राचा हेतू होता.

१२/
ॲडमिरल हॅरोल्ड गेहमन यांच्या अध्यक्षतेखालील तपास मंडळाचा अहवाल ऑगस्ट २००३ मध्ये आला. त्यात टफ्टी यांनी केलेले या स्लाइडचे विश्लेषण छापले आहे. मंडळाचे म्हणणे असे की माहिती एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाताना तिच्यातील कारणमीमांसा गळत जाते, आणि अशी स्लाइड वाचणाऱ्या वरिष्ठाला हा जीवनमरणाचा प्रश्न आहे हे न उमगणे समजण्यासारखे आहे. तांत्रिक निबंधाच्या जागी स्लाइड दाखवण्याच्या नासातील सवयीवरही मंडळाने बोट ठेवले.

१३/
तेव्हापासून 'पॉवरपॉइंटने सात जणांचा बळी घेतला' हे वाक्य फिरते आहे. ते आकर्षक आहे आणि अर्धेच खरे आहे.

१४/
खऱ्या अर्ध्याकडे आधी पाहू. पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉशसाठी आले. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन ही त्यामागची मुख्य नावे, कंपनी फोरथॉट. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. सुरुवातीला त्याचे काम ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक पत्र्यांसाठी मजकूर तयार करणे एवढेच होते. बुलेटची सवय त्याच्याही आधीची. सॉफ्टवेअरने इतकेच केले की ती सवय साच्यात ओतली : ओळ आत सरकवली की अक्षर आपोआप लहान. पुढे तर मजकूर चौकटीत मावेनासा झाला की सगळीच अक्षरे आपोआप आक्रसू लागली.

१५/
या सोयीत एक गृहीतक लपलेले आहे. जे तपशिलाचे आहे ते कमी महत्त्वाचे, असे ते गृहीतक. १,९२० आणि ३ हा तपशील होता म्हणून तो चौथ्या-पाचव्या पायरीवर गेला आणि तिथे गेला म्हणून बारीक झाला. कोणीही ठरवून तो लपवला नाही. तर्काच्या दृष्टीने तो आकडा एका उपमुद्द्याचा उपमुद्दा होता हे खरेच. धोक्याच्या दृष्टीने तो पहिल्या क्रमांकाचा होता. या दोन क्रमवाऱ्या वेगळ्या आहेत हे साच्याला कळत नाही. ते लिहिणाऱ्याला कळावे लागते.

१६/
जुन्या लेखनिकांना हे उसंत घेऊन ठरवावे लागे. हस्तलिखित पोथीत दंड, अध्यायाची समाप्ती किंवा पुष्पिका लाल करायची तर शाई वेगळी, लेखणी वेगळी, कधी नुसता गेरूचा हात. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावून ते झाकायचे आणि वर पुन्हा लिहायचे. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. लाल करायला कष्ट पडत, म्हणून पानभर लाल कोणी करत नसे. बाह्य खर्चच विवेकाचे काम करी.

१७/
छापखान्यातली गोष्टही सरळ नाही. तिरपा टंक व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुसने १५०१ मध्ये व्हर्जिलच्या आवृत्तीसाठी वापरला तो जोर देण्यासाठी नव्हे. लहान आकाराच्या पुस्तकात आटोपशीर मजकूर बसावा म्हणून. एखाद्या शब्दावर भर देण्याचे काम त्याच्याकडे मागाहून आले. ठळक टंक त्याहून कितीतरी तरुण. लंडनमध्ये १८४५ साली आलेला क्लॅरेंडन हा त्यातला नावाजलेला. साध्या मजकुरात एखादा शब्द, विशेषतः कोशातला नोंदशब्द, चटकन सापडावा हा त्याचा उपयोग. शोधायला मदत करणे हे ठळक अक्षराचे मूळ काम आहे. शोधण्याजोगे काय आहे हे आधी ठरलेले असावे लागते.

१८/
देवनागरीची अडचण आणखी वेगळी. तिला मोठी लिपी-लहान लिपी असा भेद नाही. तिरपी देवनागरी बहुधा यंत्राने ढकललेली दिसते. अधोरेखा उकार-ऋकारांना छेदून जाते, त्यामुळे 'पुढे कृती' असे लिहून खाली रेघ ओढली की अक्षरच जखमी होते. उरतात ठळकपणा, रंग आणि भोवतालची मोकळी जागा. पण मराठीकडे एक असे साधन आहे जे फॉन्टच्या यादीत नाही : 'च'. 'इजा होऊ शकते', 'इजाच होऊ शकते' आणि 'इजा होऊच शकते' या तीन वाक्यांत जोर तीन ठिकाणी आहे आणि कोणतेही बटण दाबलेले नाही. जोर आधी वाक्यात हवा, अक्षरात नंतर.

१९/
आता उरलेला अर्धा. १९८६ मध्ये, चॅलेंजरच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीमुळे रबरी कड्यांना असलेला धोका दाखवणारे तक्ते घाईघाईने तयार करून फॅक्सने पाठवले. त्यांतले काही हाताने लिहिलेले होते. पॉवरपॉइंट जन्माला यायचे होते. तरीही इशारा पोहोचला नाही, आणि २८ जानेवारीला यान ७३ सेकंदांत नष्ट झाले. टफ्टी यांनी त्या तक्त्यांच्या मांडणीवरही टीका केली. त्यावर रॉजर बोइजोली आणि इतरांनी उत्तर दिले की टफ्टी यांनी अभियंत्यांपुढचा प्रश्नच चुकीचा समजून घेतला. या वादात बोइजोलींची बाजू सहज झटकण्यासारखी नाही. उड्डाण करू नका, असे त्या रात्री अभियंत्यांनी स्पष्ट सांगितले होते. ऐकणाऱ्यांना ते नको होते.

२०/
कोलंबियाच्या प्रकरणातही असे एक पान आहे. अभियंता रॉडनी रोचा यांनी पंखाची छायाचित्रे बाहेरच्या यंत्रणेकडून मिळवावीत म्हणून मागणी केली होती. तपास मंडळाला अशा तीन वेगवेगळ्या मागण्या आढळल्या. एकीलाही यश आले नाही. नकार कळल्यावर रोचा यांनी एक ईमेल लिहिला. हा निर्णय चुकीचा आणि बेजबाबदारपणाच्या सीमेवरचा आहे, इजा गंभीर असू शकते हे पुन्हा एकदा जोर देऊन सांगावे लागते आहे, असा त्याचा सूर. सुरक्षित नसेल तर तसे बोला, असे बजावणारे जे फलक नासाच्या भिंतींवर लावले होते, त्यांचीही त्यात आठवण होती.

२१/
त्या ईमेलमध्ये बुलेट नव्हते, पायऱ्या नव्हत्या, गुळमुळीत विशेषण नव्हते. जोर जिथे द्यायला हवा तिथेच दिलेला होता. रोचा यांनी तो छापून एका सहकाऱ्याला दाखवला. पाठवला मात्र नाही.

२२/
दोन्ही कागद शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. जो मजकूर स्वच्छ होता तो पाठवण्याचे धाडस झाले नाही, आणि जो पाठवला गेला त्यात तेच सत्य बारीक अक्षरांत गेले. भिंतीवरच्या फलकांवर मोठ्या अक्षरांत 'बोला' लिहिणाऱ्या संस्थेत ते बोलणे सहाव्या पायरीवर जाऊन बसते, तेव्हा दोष एकट्या सॉफ्टवेअरला देणे फार सोयीचे ठरते. साच्याने भित्र्या मजकुराला आसरा दिला. भीती साच्याने निर्माण केली नव्हती. २००५ मध्ये, शटल पुन्हा उडण्यापूर्वी, देखरेख करणाऱ्या गटालाही नासात निबंधाऐवजी स्लाइडच दिल्या गेल्या अशी तक्रार करावी लागली, यावरून सवय किती मुरली होती ते दिसते.

२३/
प्रामाणिकपणाने हेही नोंदवायला हवे की त्या स्लाइडचा विषय टाइल हा होता. फोम प्रत्यक्षात आदळला तो पंखाच्या पुढच्या कडेवरील कार्बनच्या कवचावर. म्हणजे स्लाइड आदर्श असती तरी तिने नेमकी जागा सांगितली नसती. पण शीर्षकाच्या जागी 'आपल्या चाचण्या ६४० पट लहान तुकड्याच्या आहेत. इजा किती हे यावरून सांगता येत नाही' असे एक वाक्य असते, तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता : मग पंखाकडे पाहायचे कसे? छायाचित्रांच्या मागणीला त्या वाक्याने बळ दिले असते. इजा वेळेत कळली असती तर अटलांटिस यान पाठवून सुटका करणे अतिशय जोखमीचे, तरी अशक्य कोटीतले नव्हते, असे मंडळाने नंतर मांडले. २४ तारखेला ती वेळ भराभर सरत होती.

२४/
इतिहासप्रेमींच्या स्लाइडही याला अपवाद नाहीत. शिवजन्माची तारीख १९ फेब्रुवारी १६३० अशी अवाढव्य अक्षरांत येते. ती ज्या जेधे शकावलीवर उभी आहे तिचे नाव तळाच्या कोपऱ्यात, आणि पूर्वी १६२७ हे वर्ष मानले जाई ही गोष्ट कुठेच नाही. तारीख बरोबर असूनही मांडणी अशी की पाहणाऱ्याला पुरावा हा तपशील वाटावा. लढायांच्या स्लाइडवर तर सैन्याचे आकडे लाल, ठळक आणि अधोरेखित असे तिन्ही एकदम असतात आणि 'बखरीनुसार' हा शब्द कंसात, बारीक. हा शब्द दुप्पट मोठा केला तर आकडा निम्मा वाटू लागेल, आणि पुष्कळदा तेच योग्य असेल.

२५/
कोलंबियातील सातांपैकी कल्पना चावलाचे नाव भारताने फेब्रुवारी २००३ मध्येच आपल्या मेटसॅट या हवामान उपग्रहाला दिले. तो कल्पना-१ म्हणून ओळखला जाऊ लागला. ती स्लाइड मात्र निनावीच राहिली. जगभरच्या वर्गांत ती आता उदाहरण म्हणून दाखवली जाते, तळाच्या ओळीभोवती लाल वर्तुळ काढून.

२६/
७ जुलै २००३ रोजी टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे तपास मंडळाने एक चाचणी घेतली. पंखाच्या कडेचा खरा कार्बन भाग उभा केला आणि वायूच्या तोफेतून पाऊण किलोचा फोमचा तुकडा ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने त्यावर सोडला. या वेळी तुकडा ३ घनइंचांचा नव्हता. कवचाला सुमारे चाळीस सेंटीमीटर लांबी-रुंदीचे भगदाड पडले.